समीक्षेच्या मनगटावरचं फाटक

तेरावा दिवस उजाडला तरी समीक्षेच्या मनगटावरचं फाटक पडलेलंच होतं, आणि तिच्या सासूच्या मते हा सरळसरळ पट्टीचा दोष होता.

"बिघडली मेली," पारबताबाई म्हणाल्या आणि बंद पडलेल्या रेडिओला मारतात तशी त्यांनी सुनेच्या मनगटावर एक चापट मारली.

"आई, मला लागते ना!"

"तुले नाही मारली. त्याले मारली."

पट्टीवरची लाल रेघ जागची हलली नाही.

ही गोष्ट कोसमटोल्याची. धानोऱ्याहून जंगलात तेवीस किलोमीटर आत गेलं की हे गाव लागतं. गडचिरोलीपर्यंत रेल्वे आली, त्याच्या पुढच्याच वर्षी आरोग्य खात्यानं हिवतापाच्या गावांमधून या पट्ट्या वाटल्या. टपालाच्या तिकिटाएवढी पट्टी, मनगटाच्या आतल्या बाजूला चिकटवायची. तिच्या तळाशी केसाहून बारीक सुया असतात. त्या कातडीखालचं पाणी चाखतात आणि त्यातल्या एका रेणूचं प्रमाण दर तासाला मोजतात. ते कमी असलं की पट्टीवर हिरवी रेघ उभी राहते, वाढलं की रेघ लाल होऊन आडवी पडते. कागदावर तिचं नाव चांगलं दीड ओळीचं होतं. पण लोकांनी रेल्वे नुकतीच पाहिली होती, रेल्वेचं फाटकही नुकतंच पाहिलं होतं. त्यांनी तिला फाटक म्हटलं आणि वर्षभरात डॉक्टरही फाटकच म्हणू लागले.

पारबताबाई मोहुर्ले पंचावन्न वर्षांच्या. बांध्यानं ठेंगण्या, आवाजानं उंच. घरात त्यांचे यजमान डोमाजी, मुलगा होमराज आणि सून समीक्षा अशी चार माणसं. होमराज शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करून द्यायचा. आणि समीक्षा वनरक्षक होणार होती. म्हणजे अजून झाली नव्हती, पण पारबताबाईंनी गावाला तसं सांगून टाकलं होतं. लेखी परीक्षा ती उन्हाळ्यातच पास झाली होती. तेवीस नोव्हेंबरला गडचिरोलीच्या मैदानावर तीन किलोमीटर धावायचं होतं, अठरा मिनिटांच्या आत. मागच्या भरतीत तिचे सहा सेकंद जास्त झाले होते. पुढची भरती कधी निघेल ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि निघेपर्यंत तिचं वय बसणार नव्हतं.

सुनेच्या नोकरीत सासूला इतका रस का, असं कोणी विचारलं तर पारबताबाई अगदी खरं उत्तर देत. "चाळीस वर्षं मी जंगलात मोहाले जातो, तेंदूले जातो. अन् चाळीस वर्षं गार्ड मले हटकते, 'ए बाई, कुठं चालली?' आता माझी सून हटकेल. तिनं मले हटकलेलं मले पाहाचं हाय."

आणि ऐन सप्टेंबरच्या शेवटी समीक्षेला हिवताप झाला.

आरोग्य केंद्राच्या डॉक्टर वैजयंती उसेंडी त्याच तालुक्यातल्या. समोरच्या माणसाला कळेपर्यंत सांगायचं, ही त्यांची सवय. पहिल्या दिवशी त्यांनी समीक्षेचं बोट टोचलं, औषध सुरू केलं, मनगटावर पट्टी चिकटवली आणि म्हणाल्या, "रक्त आठ पूर्णांक दोन आहे. मैदानावर धावू द्यायला अकरा लागतं, आणि फाटक उभं लागतं."

"मंग गोळ्या द्या ना रक्ताच्या," पारबताबाई म्हणाल्या.

"तीच तर गंमत आहे, मावशी. द्यायच्या नाहीत. गावात चोर शिरले तर धानाच्या कोठीचं तुम्ही काय करता?"

"कुलूप लावतो. अजून काय?"

"शरीरही तेच करतं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. डास चावला की हिवतापाचे जंतू आधी यकृतात उतरतात, तिथं पोसतात आणि मग रक्तात येऊन लाल पेशी फोडत सुटतात. लाल पेशी करायला शरीराला लोह लागतं आणि जंतूंनाही वाढायला लोहच लागतं. शरीरात लोह येण्याच्या वाटा दोन. एक अन्नाची, पण ती चिमूटभराची. मोठी वाट भंगाराची. रोज जुन्या लाल पेशी मोडीत निघतात, प्लीहेतल्या पेशी त्यांच्यातलं लोह काढून घेतात आणि पुन्हा रक्तात सोडतात. या दोन्ही वाटांवर एकाच जातीचे दरवाजे असतात, आणि ते लावून घ्यायचा अधिकार यकृताकडे असतो. यकृत हेप्सिडिन नावाचा रेणू रक्तात सोडतं. तो दरवाजांना जाऊन चिकटला की दरवाजे मिटतात. आतडं अन्नातलं लोह पुढे देत नाही, प्लीहा भंगारातलं लोह सोडत नाही. मागाहून आलेल्या जंतूंची तर यकृतातच उपासमार होते. पण नवं रक्त करणारे कारागीरही माल नाही म्हणून हात बांधून बसतात. पट्टी मोजते तो हाच रेणू.

पारबताबाईंनी हे सगळं नीट ऐकलं. "म्हंजे माल हाय, पन कोठीत हाय."

"बरोबर."

"अन् कोठीवाला देत नाही."

"आत्ता देत नाही. जंतू मेले की आठदहा दिवसांत कुलूप काढेल. तोवर वरून लोह टाकलं तर वाया जाईल, नाहीतर चोराच्या घशात जाईल. मी सांगेपर्यंत लोहाची एकही गोळी नको."

पारबताबाईंनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं.

औषधानं तीन दिवसांत ताप उतरला, पाचव्या दिवशी रक्तात जंतू दिसेनासे झाले. डॉक्टरीणबाईंचा शब्द पारबताबाईंनी तोवर पाळला. पण चोर तर गेले. आता कोठीवाला आळशी असला तर त्याची वाट पाहत बसायचं का? त्यांच्या फडताळात एक पितळी डबा होता. आरोग्य खातं दर महिन्याला घरोघर लोहाच्या गोळ्या वाटतं, आणि घरोघर त्या डब्यात जातात. पारबताबाईंच्या डब्यात तीन वर्षांचा साठा होता, मुदत संपायला अजून अवकाश होता. सहाव्या दिवसापासून त्या जवसाच्या चटणीत सकाळी एक आणि संध्याकाळी एक गोळी कुटून घालू लागल्या. चटणी काळीच असते. समीक्षेला चव जरा उग्र लागली, पण तापानंतर तोंडाला चव नसते असं सगळेच म्हणतात.

तर असा तेरावा दिवस उजाडला, आणि चौदाव्या दिवशी समीक्षेला घेऊन सगळं घर पुन्हा आरोग्य केंद्रात गेलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त पुन्हा पाहिलं. जंतू नव्हते. ताप नव्हता. फाटक मात्र आडवं.

"कुठंतरी लपलेला आजार असणार," त्या म्हणाल्या. "अंगात कुठंही आग असली की फाटक पडतं. शोधावं लागेल."

मग शोध सुरू झाला. लघवी तपासली, चांगली निघाली. छातीचा फोटो काढला, छाती चांगली निघाली. धानोऱ्याच्या दातांच्या डॉक्टरांनी तोंडात आरसा घालून पाहिलं आणि उजव्या बाजूच्या अक्कलदाढेवर त्यांना संशय आला. "ही तशी वाईट नाही, पण आत काही असेल तर सांगता येत नाही," असं म्हणून त्यांनी ती काढली. समीक्षा गाल धरून बाहेर आली. पारबताबाईंनी तिला पाणी दिलं, डोक्यावरून हात फिरवला आणि घरी आल्यावर दाढेची झीज भरून निघावी म्हणून चटणीत गोळी वाढवली.

दोन दिवस फाटकाकडे कोणी पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी पाहिलं. आडवं.

समीक्षेचं पळणं बंदच होतं. अंगणापासून हातपंपापर्यंत गेली तरी तिला धाप लागायची. पहाटे गावातल्या दुसऱ्या मुली रस्त्यावर धावायच्या, त्यांच्या पायांचा आवाज ऐकत ती खाटेवर पडून राहायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायची. पारबताबाईंनी शेवटी ते कॅलेंडर काढून स्वयंपाकघरात लावलं. म्हणजे आता त्याच त्याच्याकडे पाहू लागल्या.

चोविसाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी एक भलताच प्रश्न विचारला. तपासणीच्या खोलीत होमराज होता, डोमाजी दाराशी उभे होते.

"समीक्षा, शौचाला कसं होतं?"

समीक्षेनं सासऱ्यांकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं. डोमाजी तिच्याशी सहा वर्षांत थेट एक शब्द बोलले नव्हते, कारण त्यांच्या घरात सासरा सुनेशी थेट बोलत नसे. तिच्या शौचाची चर्चा ऐकण्याची त्यांची मुळीच तयारी नव्हती. ते भिंतीवरची डासांची चित्रं वाचू लागले.

"काळं," समीक्षा पुटपुटली.

"किती काळं?"

"डांबर."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. पोटात कुठं रक्त जात असेल तर असं काळं होतं. त्यांनी घाईघाईनं ती तपासणीही केली, आणि अर्ध्या तासानं कागद हातात घेऊन बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पुन्हा बदललेला होता.

"रक्त नाही. रक्त नसेल आणि काळं असेल तर एकच कारण उरतं. हिला लोह कोण देतंय?"

पारबताबाईंनी वरच्या पंख्याकडे पाहिलं. होमराजनं स्वतःच्या चपलांकडे पाहिलं. डोमाजींना डासांची चित्रं अजून पुरती वाचून व्हायची होती.

"हे पाहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यकृत चोर आल्यावर कुलूप लावतं हे मी सांगितलं. ते आणखी एका वेळी कुलूप लावतं. अन्नातून एकदम भरपूर लोह आलं की त्याला वाटतं, पुरे झालं, आता नको. एका गोळीनं फाटक दिवसभर खाली राहतं. ते वर यायच्या आत दुसरी गोळी घातली की आणखी एक दिवस. रोज दोनदोन गोळ्या घालणाऱ्या घरात फाटक उघडणारच नाही. हिचा आजार एकोणीस दिवसांपूर्वीच संपला. आत्ता जे चाललंय ते कोणाच्या तरी मायेनं चाललंय."

समीक्षेनं नकळत गालावर हात ठेवला, जिथं दाढ होती तिथं.

तो हात पाहिला आणि पारबताबाईंना पंख्याकडे पाहणं जमेना.

"मी," त्या म्हणाल्या. "चटणीत."

होमराजनं मोठा श्वास सोडला. तो सुटकेचा होता हे तेव्हा पारबताबाईंच्या ध्यानात आलं नाही.

घरी आल्यावर समीक्षा म्हणाली, "आई, माझी दाढ गेली. चांगली दाढ होती."

"हो माय."

"मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाही ना?"

पारबताबाईंनी पितळी डबा आणून सुनेच्या समोर ठेवला. "हे घे. सांभाळ. मी आता हात नाही लावणार, चूल शिवून सांगतो."

आणि त्यांनी खरोखरच हात लावला नाही. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. फाटक आडवं.

पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांच्या पडद्यावर पट्टीचे आकडे दिसत असत. "मावशी, खरं सांगा."

"देवाशपथ नाही देत जी!"

"आकडे सांगतात, देताय."

पारबताबाईंच्या आयुष्यात आजवर त्या खोटं बोलल्या तेव्हा लोकांनी विश्वास ठेवला होता. खरं बोलल्यावर न ठेवल्याचा हा पहिलाच प्रसंग. समीक्षेनं डबा उघडून गोळ्या मोजल्या. डबा हाती आला त्या दिवशीच्या आकड्याशी हिशेब जुळल्यावरही ती सासूकडे जरा बारीक डोळ्यांनीच पाहत राहिली. पारबताबाईंच्या ते काळजाला लागलं. त्या दिवसभर गप्प बसल्या. शेजारची सुमन दोनदा दारात येऊन विचारून गेली, तब्येत बरी आहे ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी होमराजनं चहा केला. समीक्षेला कप देऊन तो मोटारीचं सामान आणायला बाहेर गेला. समीक्षेला चहा नको होता. टाकायचा कशाला म्हणून पारबताबाईंनी तो तोंडाला लावला, आणि गंजका खिळा चोखल्यासारखं तोंड झालं.

"होमराज!"

सामान तिथंच टाकून होमराज आत आला.

"चहात काय हाय?"

"आलं."

"आल्याले गंज चढते का, बे?"

होमराजच्या खिशातून बाटली निघाली. रक्तवाढीचं औषध, सकाळ-संध्याकाळ दोन झाकणं. "डॉक्टरीणबाईनं गोळी नको म्हटलं व्हतं," तो म्हणाला. "हे पातळ हाय."

पारबताबाईंनी मुलाकडे पाहिलं आणि त्यांना आरोग्य केंद्रातल्या त्या मोठ्या श्वासाचा अर्थ कळला. मग दाराशी उभ्या असलेल्या, डासांची चित्रं दोनदा वाचणाऱ्या दुसऱ्या माणसाची आठवण आली. घरातला माठ रोज तोच माणूस भरायचा. त्या तडक माठाजवळ गेल्या, झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

हातात नांगराचा फाळ आला.

डोमाजी अंगणात दोर वळत बसले होते. पारबताबाई पाणी ठिबकणारा फाळ घेऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"हे काय हाय?"

"फाळ."

"ते मलेही दिसते. माठात काय नांगरून राह्यले होते?"

डोमाजींनी दोर बाजूला ठेवला. "माही माय बाळंतिणीच्या पाण्यात लोखंड ठेवे," ते हळूच म्हणाले. "उकळून घेतला व्हता. दोनदा."

"कधीपासून?"

"ताप आला तवापासून."

"सहा वर्षांत सुनेशी शब्द नाही बोलले, अन् एकवीस लिटरच्या माठातून फाळ पाजता!"

"बोलाचं नाही, मंग दुसरं काय करू?" डोमाजी म्हणाले. ते इतकं लांब वाक्य होतं की पारबताबाई क्षणभर थबकल्या.

आता राहिली होती विहीण. समीक्षेची आई मंदाबाई आरमोरीला राहत, आणि मुलीला ताप आल्यापासून दर तिसऱ्या दिवशी एसटीच्या ड्रायव्हरजवळ लाडवांचा डबा देत. पारबताबाईंनी फोन लावला.

"ईहीनबाई, लाडू फार छान होते जी. काय काय टाकता?"

"तीळ. गूळ. शेंगदाणे."

"अन्?"

"अन् तूप."

"अन्?"

तिकडून बारीक आवाज आला. "लाडवामागं एक गोळी. आमच्याकडेही वाटतात ना जी. ठेवून ठेवून काय करू?"

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी फोनवरून सगळा हिशेब ऐकला. "एवढं लोह रेल्वेच्या रुळाला घातलं असतं तर तोही वाढला असता," त्या म्हणाल्या. मग आवाज कडक केला. "हसण्यावारी नेऊ नका. जास्त लोह विष असतं. नशीब हिचं की फाटक बंद होतं, नाहीतर हे सगळं अंगात गेलं असतं. कोठीवाल्याचे आभार माना."

फोन ठेवल्यावर समीक्षा चुलीपाशी उभी राहिली. तिघांना समोर बसवलं होतं, मंदाबाईंना फोनवर ठेवलं होतं.

"आजपासून माझ्या ताटात काय आहे ते मला सांगायचं," ती म्हणाली. "कपात काय आहे, माठात काय आहे, सगळं. मी खाते की नाही ते मी ठरवणार. पटत नसेल तर मी जंगलात जाऊन राहते. नाहीतरी नोकरी तिथंच आहे."

"नोकरी लागली तर," होमराज म्हणाला, आणि आईचा फाळ धरलेला हात पाहून गप्प झाला.

त्या दिवसापासून पारबताबाई स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसू लागल्या. कोणी भांडं घेऊन आलं की "काय हाय?" हा प्रश्न ठरलेला. सुमन पालकाची भाजी घेऊन आली, तिला दारातून परत पाठवलं. मोठ्या जावेनं कलेजी आणली, ती डोमाजींना वाढली. आरोग्य खात्याची बाई नेहमीप्रमाणे गोळ्या वाटायला आली तर पारबताबाईंनी तिला फळीवर बसवून यकृत, प्लीहा आणि हेप्सिडिन समजावून सांगितलं. बाईला ते सगळं आधीच ठाऊक होतं, पण तिनं ऐकून घेतलं. सगळ्यात कठीण होतं स्वतःचा हात आवरणं. ताट वाढताना तो आपोआप फडताळाकडे जायचा. मग त्या भात वाढून शेतावर निघून जायच्या आणि जेवणं होईपर्यंत बांधावर बसून राहायच्या.

सत्तावीस ऑक्टोबरच्या सकाळी समीक्षा तोंड धुवून आली. मनगट तिनं पुढे धरलं होतं, त्याच्यावर फुलपाखरू बसलंय तसं.

हिरवी रेघ. उभी.

सगळे चवड्यांवर चालू लागले. रेघ घाबरून पडेल असं सगळ्यांना वाटत होतं. डोमाजींनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं, आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. बैल सकाळीच पाणी प्याले होते.

पुढचे दिवस साधेच गेले. कोठीत अडकलेलं लोह बाहेर पडू लागलं आणि कारागीर कामाला लागले. एक दिवसाआड एक गोळी समीक्षा स्वतः डब्यातून घेई. आठवड्यानं रक्त नऊ पूर्णांक तीन झालं. ती रस्त्यापर्यंत चालू लागली, मग शाळेपर्यंत धावू लागली. रक्त दहा झालं तेव्हा पहाटेच्या मुलींमध्ये ती सगळ्यांच्या मागे होती. रक्त अकरा झालं तेव्हा मधोमध होती. अठरा मिनिटांत बसायला अजून पंचवीस सेकंद कमी करायचे होते, आणि दिवस पाच उरले होते.

तेवीस नोव्हेंबरला सकाळी सहा वाजता मोहुर्ले मंडळी गडचिरोलीच्या मैदानाबाहेर हजर झाली. आरमोरीहून मंदाबाई आल्या होत्या. जाऊ आली होती, सुमन आली होती. प्रत्येकीच्या हातात डबा होता.

"काय हाय?" पारबताबाईंनी विचारलं.

"धावल्यावर खायला," मंदाबाई म्हणाल्या. "पोरगी उपाशी हाय."

"फाटक तपासेपर्यंत कोणी तिच्याजवळ जायचं नाही." पारबताबाईंनी सगळे डबे एका पोत्यात भरले, पोतं भिंतीशी ठेवलं आणि त्यावर स्वतः बसल्या. विहीण बाजूला उभी राहून बोलत राहिली. पारबताबाई उठल्या नाहीत.

आत एका वनरक्षक बाईनं समीक्षेचं मनगट उलटं करून पाहिलं. रेघ उभी होती. बोट टोचलं, अकरा पूर्णांक एक. तिला छातीवर लावायचा आकडा मिळाला.

मैदानाची भिंत उंच होती. पारबताबाईंना पोत्यावर उभं राहिल्यावर दिसलं. तीन किलोमीटर म्हणजे साडेसात फेऱ्या. पहिल्या चार फेऱ्यांत समीक्षा कुठल्या तरी घोळक्यात होती. पाचवीला घोळका फुटला आणि ती मागे राहिलेल्यांत दिसली. पारबताबाई आयुष्यात पहिल्यांदा आवाज काढायला विसरल्या. सहावीला तिनं एकीला गाठलं. सातवीला आणखी दोघींना. शेवटच्या अर्ध्या फेरीत तिचं तोंड उघडं होतं, मान मागे गेली होती, आणि पाय मात्र स्वतःच्या हिशेबानं चालले होते.

"किती झाले? होमराज, किती झाले?"

होमराजनं हातातलं घड्याळ पाहिलं. "सतरा बावन्न," तो म्हणाला. "आई, सतरा मिनिटं बावन्न!"

आठ सेकंद उरले होते. पारबताबाई पोत्यावरून खाली आल्या त्या उतरून नव्हे, घसरून.

पण घड्याळ होमराजचं होतं आणि सरकारचं वेगळं असतं. यादी संध्याकाळी लागायची होती. मैदानासमोरच्या चिंचेखाली मंडळी दिवसभर बसली. समीक्षा मंदाबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. ती भुकेली होती, पण मनात एवढी धाकधूक होती की तिला काही खाववेना, आणि यादी लागेपर्यंत पोत्याजवळ कोणाला फिरकू दिलं जात नव्हतंच. पाच वाजता कागद चिकटवला गेला. होमराज गर्दीत घुसला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्यानं फक्त बोटं दाखवली. चार आणि एक. एक्केचाळिसावी. जागा होत्या बावन्न.

मग काय झालं ते सांगण्यासारखं नाही, नुसता आरडाओरडा झाला. पोतं सुटलं. डबे उघडले. सुमनचा पालक, जावेची कलेजी, मंदाबाईंचे लाडू. मंदाबाईंनी लेकीच्या डोळ्यांसमोर लाडू फोडून दाखवला, आत गोळी नव्हती. पारबताबाईंनी दुसरा लाडू उचलला, आणि सवयीनं सुनेचं मनगट धरलं.

रेघ लाल होती. आडवी.

सगळे हात डब्यातच थांबले. होमराजनं तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. डॉक्टरीणबाई आधी आनंदानं ओरडल्या, मग रेघेचं ऐकून हसायला लागल्या.

"एवढं जीव तोडून धावल्यावर शरीराला वाटतं, काही संकटच आलं. काही तासांनी फाटक पडतं. उद्या उघडेल आपोआप."

"मंग आता तिले काही द्याचं नाही?"

"द्या की, मावशी. पोटभर द्या. फक्त त्यातलं लोह रक्तात नाही जाणार. उपयोग काही होणार नाही, एवढंच."

फोन बंद झाला. पारबताबाई हातातल्या लाडवाकडे पाहत राहिल्या. सून घरात आल्यापासून त्यांनी तिला जे जे वाढलं, त्यामागे काही ना काही हिशेब होता. हे रक्तासाठी, ते हाडांसाठी, हे नातवासाठी, ते भरतीसाठी. कशासाठीच नसलेला लाडू हातात धरायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

"आई," समीक्षा म्हणाली, "भूक लागली ना."

"घे मग." पारबताबाईंनी लाडू तिच्या तोंडाशी नेला. "रक्तात नाही गेला तं नाही गेला. तोंडात तं जाईल."

समीक्षेनं पाच खाल्ले. लाल रेघ जागची हलली नाही, आणि त्या संध्याकाळी पुन्हा तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही.